तळ्यावरचं अंगण

माझा मुलगा माझ्यामुळे दारात सणकून आपटला आणि उठून मला एक शब्द बोलला नाही. त्याच्याबद्दलची माझी तक्रार तिथून सुरू होते. आज दहा वर्षं झाली, मी ती मागे घेतलेली नाही.

मी त्याच्या गावात पोचले त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. कॅनडात अगदी वर, नकाशात नुसती तळीच तळी दाखवलेली असतात त्या बाजूला. सवयीने साडेचारला जाग आली. सांगोल्याला स्टँडमागे बावीस वर्षं मी खानावळ चालवली. पहाटे अंगण झाडून सडा टाकल्याशिवाय एक दिवस गॅस पेटवला नाही. इथं अंगण म्हणजे पायरीपुढची चार हात फरशी. म्हटलं, असेना. झाडली, तांब्याने पाणी शिंपडलं, आत येऊन चहा टाकला. सहाला उद्धव कामावर निघाला, दार उघडलं, आणि धाडकन आवाज झाला.

"काय रे, लागलं का?"

"नाही."

उठला, कंबर चोळली, फरशीकडं बघितलं, शेडमधून घमेलंभर वाळू आणून पसरली आणि गेला. मला वाटलं, पोरगं झोपेत असेल. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा सडा टाकला. त्याने पुन्हा वाळू पसरली. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी मी स्वतःच गेले घसरून, तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. पाणी पडल्या पडल्या काच होत होतं त्याचं, आणि अंधारात मला ते दिसत नव्हतं.

"मुडद्या, चार दिवस वाळू ओततोयस, मला सांगायचं की! जीभ झडली होती का?"

तो बूट घालत होता. खाली बघूनच म्हणाला, "तुला बरं वाटत होतं ना, म्हणून."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं असतं तर पुढचं टळलं असतं.

उद्धव माझा एकुलता एक. तेव्हा छत्तीस वर्षांचा, बिनलग्नाचा. त्याचे वडील असेच होते. भाजी खारट झाली तर दोन भाकरी जास्त खायचे, पण खारट झाली म्हणायचे नाहीत. ते गेले, माझे गुडघे धरले, खानावळ पुतण्याच्या हाती दिली, तेव्हा उद्धवचा फोन आला. "आई, हिवाळ्यापुरती ये." तीन शब्द. एवढ्या तीन शब्दांवर मी विमानात बसले.

त्याचं काम तळ्याचं. गावासमोर मोठं तळं, पलीकडं बेट, बेटावर चाळीस घरं. उन्हाळ्यात लोक होडीने येतात जातात. हिवाळ्यात तळं गोठतं आणि त्या बर्फावरनं रस्ता होतो, माणसं चालत जातात, गाड्या जातात. बर्फ किती जाड झाला ते मोजायचं काम उद्धवकडं. काठावर एक फळी होती, तिच्या खिळ्याला तो रोज टिनाचा आकडा अडकवायचा, इंचांचा. चार म्हणजे माणसाने चालावं, तेरा म्हणजे मोठी गाडी घालावी. तो आकडा बघून लोक आपली लेकरंबाळं घेऊन पाण्यावर उतरायचे. वर दुसरा कोणी तपासणारा नाही.

मला एकदाच घेऊन गेला तो मोजायला. घरामागनं दोनशे पावलांवर लाल झेंडा रोवलेला होता. हाताने फिरवायचा लांब पिळाचा गिरमिट होता त्याच्याकडं. त्याने भोक पाडलं, खालनं काळं पाणी वर आलं. मग टोकाला आकडी असलेली पट्टी आत सोडली. आकडी बर्फाच्या बुडाला अडकली, तशी त्याने पट्टीवर बोट ठेवलं.

"किती?"

"पाच."

"एवढ्याशा पाच इंचावर आपण उभे आहोत व्हय रे? आणि खाली?"

"चाळीस फूट."

मी त्याची बाही घट्ट धरली. पण खोटं कशाला सांगू, ऊरही भरून आला. मी चौथी शिकलेली बाई. माझ्या पोराच्या बोटाएवढ्या खुणेवर अख्खं गाव जीव टाकतंय! अशी झेंड्यांची रांग होती, अकरा झेंडे, थेट बेटापर्यंत. सोमवारी तो मशीनच्या गिरमिटाने अकराही ठिकाणी मोजायचा. बाकीच्या दिवशी फक्त काठाजवळचं पहिलं भोक.

आता माझ्या दिवसांचं सांगते. सकाळी सहाला तो जायचा, संध्याकाळी सहाला यायचा. मधले बारा तास मी आणि भिंत. सूर्य नऊला उगवायचा आणि चारला मावळायचा, तोही आजारी माणसासारखा. खानावळीत मी दिवसाला शंभर माणसांना नावं ठेवलेली बाई. ड्रायव्हरला, कंडक्टरला, ताटात अन्न टाकणाऱ्या साहेबाला. इथं शिवी द्यायला दारात कुत्रंही यायचं नाही. एक दिवस मी नळालाच बोलले, "काय गळतोस मेल्या," आणि माझ्याच आवाजाने दचकले. कारण सकाळपासून घरात तो पहिला आवाज होता.

घर कोमट, पण रात्री दही लागायचं नाही. मी विरजणाचं भांडं माझ्या शालीत गुंडाळून ठेवायला लागले. मग लागायचं, घट्ट, वडी पाडावी असं. हेही लक्षात असू द्या.

डिसेंबर लागला, बर्फ भुरभुरायला लागला. पिठासारखा, थरावर थर. मी मागच्या खिडकीतून बघायची. पांढरं मैदान आणि त्यात एक लाल झेंडा. एवढा मोठा उघडा पट्टा, आणि त्यावर एक हात फिरलेला नाही. माझ्या जिवाला ते बघवेना. हसाल तुम्ही. पण ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्याचं अंगणही बिनझाडलेलं बघून नाक मुरडलं, तिला सांगा पाहू नुसतं बघत बसायला.

काठावरच्या झुडपांच्या काड्या तोडल्या, जुन्या लुगड्याचा काठ फाडून बांधल्या, झकास खराटा झाला. उद्धवचा जाड कोट लुगड्यावर चढवला, त्याचे जुने बूट घातले आणि दुपारच्या उजेडात त्या झेंड्यापर्यंत गेले. भोकाभोवती झाडलं. खालचा बर्फ निघाला, काळाभोर, घासलेल्या तव्यासारखा. दुसऱ्या दिवशी जरा जास्त. आठवड्याभरात खानावळीच्या अंगणाएवढी जागा झाली. हळदीकुंकवाची बोटं लावली. मधोमध उभी राहून मी माझ्या गावाला मनात हाका मारायची. बरं वाटायचं. फार बरं वाटायचं.

उद्धव मोजायचा पहाटे, डोक्याला दिवा बांधून. मी झाडायची दुपारी. तो काही बोलला नाही. मला वाटलं, कळलंच नसेल.

एक दिवस बघते तर आणखी साठ पावलं पुढं नवा झेंडा. नवं भोक. माझ्या अंगणातलं जुनं भोक गोठून बंद झालेलं. मी मनात म्हटलं, पोरगा आता तिथं मोजतो वाटतं. आणि तिथं गुडघाभर बर्फ साठलेला! त्यात पहाटे उभा राहतो माझा लेक, पायात गारठा भरत असेल. सांगणार थोडाच आहे तो. मग मी काय केलं असेल? तिथंही झाडलं. स्वतःसाठी नाही, त्याच्यासाठी. रोज, न चुकता.

याच दिवसांत एलसीबाई आमच्याकडं यायला लागली. बेटावरची, सत्तरीची, एकटी राहणारी, नवऱ्याच्या मागं राहिलेली त्याची मोठी गाडी चालवणारी. बेटाचं टपाल तीच न्यायची. उद्धवने माझी ओळख 'माय मदर' अशी करून दिली, तेव्हापासून ती मला मदरच म्हणायची. मला तिची भाषा येत नव्हती, तिला माझी. ती तिच्या सुनेच्या तक्रारी सांगायची, मी नसलेल्या सुनेच्या. दोघींना सगळं कळायचं.

"उद्धव गुड बॉय," ती म्हणायची.

"गुड, पण मुका आहे मेला," मी मराठीत म्हणायची, आणि ती मान डोलवायची.

दरवर्षी बर्फावर पहिली मोठी गाडी तिची जायची. हा तिथला मानच होता. पहिल्या खेपेला काचा खाली, दार नुसतं टेकवलेलं, कंबरेचा पट्टा सोडलेला, अशी जायची. का, ते मी उद्धवला विचारलं होतं.

"बुडाली तर बाहेर पडता यावं म्हणून."

"आणि लोक हे हसत हसत करतात?"

"माझा आकडा बघून करतात," तो म्हणाला. त्याच्या तोंडून अभिमानाचं ते एवढंच वाक्य मी कधी ऐकलं असेल.

जानेवारी उजाडला. आठ दहा दिवस सारखा बर्फ पडत होता, वर हाडं फोडणारी थंडी. त्यातच मशीनचा गिरमिट बिघडला. भाग शहरातून यायचा होता. उद्धवने काय केलं, तर जवळच्या भोकाचं रोज हाताने मोजलं, आणि तिथला बर्फ जेवढा वाढला तेवढाच लांबचाही वाढला असं धरलं. पाच वर्षं तो हिशेब कधी चुकला नव्हता. काठावरच्या फळीवर आकडा चढत गेला. दहा. बारा. एका शनिवारी चौदा.

मी खिडकीतून बघत होते. एलसीबाई गाडीत बसली. काचा खाली. मला हात केला. गाडी निघाली, माझ्या अंगणाच्या कडेने गेली, एकेक झेंडा मागं टाकत. सातव्या झेंड्यापाशी ती थांबल्यासारखी वाटली. मग तिचा पुढचा भाग खाली बसला, जशी म्हैस बसते तसा, सावकाश. आणि मग गाडी नव्हती.

एक काळा ठिपका बर्फावर पालथा सरपटत होता. उद्धव काठावरनं शिडी घेऊन पळाला. तो पडायचा, उठायचा, पुन्हा पळायचा. शेवटी पोटावर झोपून त्याने शिडी पुढं सरकवली. माझ्या हातातली परात कधी खाली पडली मला माहीत नाही.

बाई वाचली. डाव्या हाताची दोन बोटं थंडीने काळी पडली. नवऱ्याची गाडी चाळीस फुटाखाली गेली.

त्या संध्याकाळी उद्धव शेजारच्या गावातनं मशीन उसनं आणून तळ्यावर गेला. सातव्या झेंड्याला आठ इंच. आठव्याला आठ, नवव्याला साडेसात. मग परत येताना जवळच्या भोकापाशी, माझ्या झाडलेल्या जागेत, तो दिवा घेऊन बराच वेळ उभा राहिलेला मला दिसला. घरी आला, जेवला. फळीवर टिनाचं शून्य अडकवून आला.

"कसं झालं रे असं?"

"मोजायला चुकलो."

त्यानंतर गाव बदललं. दुकानात गेलो तर रोज हाय हॅलो करणारी माणसं फळ्यांवरचे डबे बघायला लागली. बेटावरच्या लोकांना आता तळ्याला वळसा घालून दीड तासाची वाट झाली. उद्धव टोपी डोळ्यांवर ओढून चालायचा. शुक्रवारी ऑफिसचे साहेब येणार होते, त्याचं म्हणणं लिहून घ्यायला.

बुधवारी एलसीबाई आली, हाताला फडकं गुंडाळलेलं. ती अलीकडच्या काठावर भाचीकडं उतरली होती. मी तिला शिरा दिला. तिने खाल्ला. मग माझ्या ओट्यावरच्या शालीत गुंडाळलेल्या भांड्यावर उजवा हात ठेवला.

"वॉर्म?"

"वॉर्म," मी म्हटलं. "दही."

ती हसली. मग तिच्या मनात काय आलं, तिने एक थाळी मांडली. बोटाने खिडकीबाहेर दाखवलं, तळं. माझी शाल सोडून थाळीवर पसरली. "स्नो," म्हणाली. माझा हात धरून शालीखाली घातला. ऊब होती. "नो कोल्ड. नो आइस." मग शालीचा एक कोपरा उचलला, थाळीचा तेवढा तुकडा उघडा केला, त्यावर फुंकर मारली. "कोल्ड. गुड आइस. थिक."

बर्फाचा थर म्हणजे गोधडी. अंगावर गोधडी असली की खालचं पाणी उबेला राहतं, गोठत नाही. गोधडी काढली की गोठतं. मी रोज रात्री हेच तर करत होते, दह्याला. आणि रोज दुपारी उलटं करत होते, तळ्याला.

एलसीबाई स्वतःशीच डोकं हलवत होती. "वाय फोर्टीन?" ती म्हणाली. "उद्धव गुड बॉय. वाय फोर्टीन?"

माझ्या हातातलं उलथणं तसंच राहिलं. तिला माहीत नव्हतं. या घरात माहीत असलेली मी एकटी होते. असं मला वाटलं.

संध्याकाळी मी ताट वाढलं आणि तो पहिला घास घेईपर्यंत थांबले.

"उद्धवा, दोन्ही भोकांपाशी मी झाडत होते."

"माहीत आहे."

"कधीपासनं?"

"दुसरं त्या दिवशी कळलं. गाडी बुडाली तेव्हा. आधी वाटायचं वाऱ्याने बर्फ उडवलाय. रेघा बुजलेल्या असायच्या."

"आणि पहिलं?"

तो भात कालवत होता. "पहिल्या दिवसापासून. खराट्याच्या रेघा दिसल्या. कुंकू दिसलं."

"म्हणून तू पुढं जाऊन दुसरं भोक पाडलंस?"

"हं."

"मला न सांगता?"

"हं."

"का रे?"

मला उत्तर ठाऊक होतं. तरी त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. तो उठला, ताट मोरीत ठेवलं, नळ सोडला आणि पाठमोराच म्हणाला, "तुला बरं वाटत होतं."

मी कपाळाला हात लावला. दारातली वाळू आठवली. चार दिवस वाळू ओतत राहिला होता, तसाच हा झेंडा पुढं नेत राहिला.

"साहेबाला काय सांगणार?"

"लिहून ठेवलंय. मोजायला चुकलो म्हणून."

"त्यात माझं नाव?"

"तुझं नाव कशाला?"

"मग काय होईल?"

"मोजायचं काम काढून घेतील. रस्त्यावर मीठ टाकायचं देतील." आणि थोडं थांबून, "चालेल मला."

चालेल म्हणे! त्या आकड्याशिवाय त्या माणसाकडं होतं काय? ना बायको, ना मित्र. एका पट्टीवर त्याचं बोट, आणि त्या बोटावर गावाचा विश्वास. तेवढंच त्याने पाच वर्षांत जमवलं होतं. आणि ते तो माझ्यासाठी टाकून देत होता, मला न विचारता, जशी खारट भाजी त्याच्या बापाने न बोलता संपवली तशी. मला तर कधीच कळलं नाही उभ्या संसारात माझ्या किती भाज्या खारट झाल्या.

शुक्रवारी सकाळी मंडळी तळ्यावर जमली. एक साहेब, हातात फळीला अडकवलेला कागद. दोन माणसं ऑफिसची. एलसीबाई, फडक्यातला हात कोटात घालून. आणि उद्धव, मान खाली. मी कोट चढवला, खराटा घेतला आणि निघाले.

"आई, घरी जा," उद्धव म्हणाला.

"तू सांग त्यांना."

"नाही."

"मी सांगू?"

"आई. जा ना."

साहेब माझ्याकडं बघायला लागला. मी माझं अंगण दाखवलं. छातीवर हात ठेवला. "मी. एव्हरी डे." आणि झाडून दाखवलं, रात्री भुरभुरलेला बर्फ उडवून, काळा बर्फ निघेपर्यंत. मग पुढच्या झेंड्याकडं हात केला. "देअर. मी. एव्हरी डे." साहेबाने उद्धवला काही विचारलं. उद्धवने बेटाकडं तोंड फिरवलं. साहेबाला वाटलं असावं, म्हातारीचं डोकं फिरलंय.

तेव्हा मी उद्धवच्या खांद्यावरचा हातगिरमिट ओढून घेतला. पुढच्या झेंड्यापाशी गेले, माझ्या झाडलेल्या जागेच्या बाहेर दहा पावलं, मांडीपर्यंत बर्फात. खालचा थर पायाने उकरला, टोक टेकवलं आणि फिरवायला लागले. जातं ओढलेल्या बाईला फिरवणं शिकवायला लागत नाही. पण गुडघे पुन्हा धरले, श्वासाची वाफ डोळ्यांवर गोठायला लागली. निम्म्यावर माझा हात थांबला. मग माझ्या हातांच्या वर दुसरे दोन हात आले. उद्धवने उरलेलं फिरवलं. पाणी वर आलं.

मी पट्टी सोडली, आकडी अडकवली. आकडे मला वाचता येतात.

"नाइन," मी म्हटलं.

मग झाडलेल्या जागेतल्या भोकात पट्टी सोडली, वरची साय फोडून. सोळा. "सिक्स्टीन," मी म्हटलं, आणि खराटा वर धरला.

एलसीबाईला पहिल्यांदा कळलं. ती पुढं आली, माझ्या हातातला खराटा घेतला, लुगड्याच्या काठाची गाठ अंगठ्याने चाचपली. माझ्याकडं बघितलं. तिचा डावा हात कोटातच होता. मला वाटलं, आता ही माझ्या तोंडावर थुंकेल, आणि तिने तसं केलं असतं तर मी पुसलं नसतं. तिने काही केलं नाही. खराटा मला परत दिला आणि साहेबाकडं वळून सावकाश बोलली. शाल, थाळी, दही, सगळं हाताने दाखवत. साहेबाची लेखणी कागदावर थांबली. त्याने उद्धवला पुन्हा विचारलं, या वेळी लांबलचक. सगळे उद्धवच्या तोंडाकडं बघत राहिले.

तो आपल्या बुटांकडं बघत होता.

लोक मला अजून विचारतात, पुढं काय झालं. एलसीबाईची दोन बोटं पहिल्या पेरापासनं कापावी लागली. उद्धवचं काम वर्षभर दुसऱ्या माणसाच्या हाताखाली राहिलं, मग पुन्हा त्याच्याकडं आलं, आणि आता त्याच्या प्रत्येक झेंड्यापाशी एक पाटी असते, इथं झाडू नये म्हणून. खाली मराठीतही लिहिलंय, एका माणसासाठी. मी मार्चमध्ये सांगोल्याला परत आले. एलसीबाई दर नाताळला कार्ड पाठवते, त्यात एकच शब्द असतो, मदर. पण हे सगळं नंतरचं.

त्या वेळी आम्ही सगळे अजून तळ्यावरच उभे होतो. कुठंतरी लांब बर्फ तडकल्याचा आवाज आला, पोटातून आल्यासारखा. उद्धव अजून बुटांकडंच बघत होता. त्याला वाटत होतं, तो मला वाचवतोय. मी खराटा बर्फात रोवला आणि मराठीतच, सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलले.

"उद्धवा, वर बघ. माझ्याकडं बघ. ही चूक एकट्याची नाही, हिचे दोन भाग आहेत, आणि त्यातला माझा भाग तू मला न विचारता उचललास. तो खाली ठेव. तो माझा आहे, मी निभावते. या बाईच्या बोटांकडं बघून मी निभावीन, मला कोणी झाकून ठेवायची गरज नाही. पण तुझाही भाग आहे, आणि तो मोजायचा नाही, बोलायचा आहे. 'आई, इथं झाडू नकोस.' चार शब्द होते रे! मी झाडलं ते न कळता झाडलं. तू गप्प बसलास ते सगळं कळून बसलास. तुझा भाग मोठा आहे."